आधी ती चिंच खाली ठेव

आधी ती चिंच खाली ठेव. फोनवर तू म्हणालीस, "ताई, माळ्यावरच्या डब्यात अकरा कुलपं सापडली, पितळी आहेत ती लख्ख करते नि फोटो पाठवते," तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. शेजारी तुझ्या सासूबाई बसल्यात हे आवाजावरून कळत होतं, म्हणून ओरडले नाही. आता ऐक. इथे वेळापुरात दुपारचं ऊन मी म्हणतंय, घरातली सगळी लवंडलीत, आणि मला तुझ्याशी बोलायला चांगला तासभर आहे.

माझ्या हातून काय झालं ते तुला कधी सांगितलंच नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला मी इथल्या कोठीच्या खोलीचं कुलूप घासायला घेतलं. ओंजळीत मावेल एवढं, काळपट, बेंगरूळ. आधी चिंच, मग राख, तेवढ्यानंही समाधान होईना म्हणून दिरांचा काचपेपर. संध्याकाळी ते सोन्यासारखं दिसायला लागलं. सासूबाईंनी हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि एवढंच म्हणाल्या, "इथं अक्षरं होती गं." कसली अक्षरं, ते त्यांना वाचता येत नव्हतं. पण रोज अंगठ्याला लागायची, पहाटे दिवा न लावता त्या त्यावरून कुलपाची बाजू ओळखायच्या. काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळायचं नाही. मी मेहनत घेऊन पुसलंय ते! कुलपांचा नाद मला लागला तो त्या लाजेतून. लोक म्हणतात, ताईंना छंद आहे. छंद कसला, प्रायश्चित्त आहे ते.

आणि तुझा पहिला प्रश्न काय होता? "किती येतील गं याचे?" येतील तेवढे येतील. ते शेवटी बघू. आज तू फक्त तीन गोष्टी करायच्या. किल्ल्यांचा जुडगा सोडवायचा नाही. कोणती किल्ली कुणाच्या शेजारी ओवलीय, हीसुद्धा माहिती असते. एखादं कुलूप उघडत नसेल तर हातोडी नको आणि खोबरेल तेलही नको, ते आत घट्ट होऊन बसतं. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घालायचे नि रात्रभर ठेवायचं. तिसरी गोष्ट, प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची, चिकटवायची नाही. चिठ्ठीवर आकडा, आणि त्या आकड्यासमोर वहीत लिहायचं: कुठे सापडलं, कुणी काय सांगितलं, वजन किती. स्वयंपाकघरातला काटा चालतो. लोहचुंबक लावून बघ. पितळेला चिकटत नाही, वरून मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतं. किल्ली कागदावर ठेवून पेन्सिलीनं तिची कड काढून घे, लहानपणी हाताचा पंजा काढायचो तशी.

मग एकेक हातात घेऊन किल्लीचं भोक कुठे आहे ते बघ. समोरच्या अंगाला असेल, किल्ली आत घालून फिरवायची असेल, तर बहुधा लिव्हरचं. पण भोक एका टोकाला असेल, आणि किल्ली म्हणजे नुसती चपटी, भोकं पाडलेली पट्टी असेल, तर बाई, ते जपून ठेव. त्याच्या आत दांडीला स्प्रिंगची पातळ पानं बसवलेली असतात. दांडी आत ढकलली की पानं मिटून शिरतात आणि आत गेल्यावर फुलतात, मग बाहेर येत नाहीत. किल्ली फिरवायची नसते, सरकवायची असते. ती त्या पानांना दाबून परत मिटवते आणि दांडी निसटते. छत्री मिटल्याशिवाय पिशवीत जात नाही ना, तसंच. याची गंमत अशी की हे कुलूप लावायला किल्ली लागतच नाही, फक्त उघडायला लागते. तिसरी तऱ्हा पेचाची. तिच्या किल्लीच्या टोकाला मळसूत्र असतं, ती बाटलीच्या बुचासारखी फिरवत आत न्यायची, म्हणजे आतला खटका ओढला जातो. गावाकडच्या लोहारांनी अशी ढिगांनी केली. प्रत्येकाचा पेच हाती कापलेला, त्यामुळे एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नसे. काहींना तर भोकच दिसत नाही. एखादं फूल किंवा खिळ्याचं डोकं बाजूला सारलं की खाली लपलेलं सापडतं. दोन-दोन, तीन-तीन किल्ल्यांचीही असतात, ठरलेल्या क्रमानंच उघडणारी. भाऊबंदकीवरचा तो जुना इलाज: एक किल्ली थोरल्याकडे, एक धाकट्याकडे, म्हणजे एकट्याला पेटी उघडता येत नाही.

शब्दांतसुद्धा मौज आहे बघ. कुलूप हा अरबी 'कुफ्ल', फारसीतून आपल्याकडे येता येता अक्षरं उलटीपालटी झाली. चावी पोर्तुगिजांची. टाळं संस्कृतातलं. आणि किल्लीला सोलापुरातले कानडी लोक 'कीली' म्हणतात, ते ऐकलं असशील. आपल्या कुल्फीचंही मूळ त्याच कुफ्लशी नेतात, झाकण लावून बंद केलेली म्हणून. हे सांगितल्यापासून तुझा भाचा कुल्फी मागताना "आई, कुलूप हवं" म्हणतो.

आता त्या मोठ्या पितळी कुलपाचं. तू म्हणालीस, त्यावर इंग्रजी अक्षरं आहेत, पुसट, मधलं 'एल' वाटतं. हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. तुझे आजेसासरे बार्शी लाइटला होते ना? ती रेल्वे १८९७ साली सुरू झाली, कुर्डुवाडी ते बार्शी, अडीच फुटांच्या रुळांवर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ती उभी केली. पुढे १९०६ ला ती पंढरपूरला आली, १९२७ ला मिरजेला टेकली. किती वारकरी त्या गाडीनं आले-गेले असतील! १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. तेव्हा कुलपावर बी, एल, आर अशी अक्षरं निघाली तर ते १८९७ ते १९५४ मधलं, हे घरबसल्या कळतं. जीआयपीचंही तसंच. ती रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विरली, म्हणून जी, आय, पी कोरलेलं कुलूप त्याच्या आधीचं. व्ही आणि आर अशी जोडी मुकुटाखाली असेल तर ते राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतलं, १८३७ ते १९०१. कुलपाचं वय सांगणारी अशी अक्षरं असतात, आणि आपण ती चिंचेनं धुतो.

पण हुरळून जाऊ नकोस. 'एल' काहीही असू शकतं. 'सिक्स लिव्हर्स' मधला एल असेल, तर तुझं कुलूप कुठल्याही किराणा दुकानाच्या शटरचं निघेल. नीट वाचायची रीत सांगते. रात्री दिवे घालव, मोबाइलची टॉर्च कुलपाच्या कडेला अगदी आडवी धर, म्हणजे खोलगट रेघांत सावली पडते. इथल्या अर्धनारी नटेश्वराच्या देवळाजवळचे यादवकाळातले शिलालेख मी असेच, ऊन कलतं झाल्यावर बघते. भर दुपारी नुसता दगड दिसतो. आणि कुलपावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासलीस तर अक्षरं कागदावर उमटतात. हे सगळं झाल्यावर मला फोन कर, त्याच्या आधी नवऱ्याला सांगू नकोस. तो लगेच इंटरनेटवर किंमत शोधेल.

बार्शी लाइट सुरू झाली त्याच १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं करायला घेतली. माणूस शिकला होता वकिली. पण खोटं बोलून खटला चालवायचा नाही म्हणून ती सोडली. मग शस्त्रक्रियेची हत्यारं करून बघितली, तिथं गाडं अडलं ते वस्तूवर देशी म्हणून छाप मारायचा की नाही या वादात. तेव्हा मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या होत्या, त्या वाचून ते कुलपांकडे वळले. म्हणून तुझ्या डब्यात जुनं गोदरेज असेल तर "हे तर कंपनीचं" म्हणून बाजूला टाकू नकोस. आपल्याकडच्या लोकांना लोहाराचंच कुलूप तेवढं पुरातन वाटतं. मला नाही वाटत. कारखान्याचं जुनं कुलूप जास्त बोलतं, कारण त्याच्यावर लिहिलेलं असतं.

आणि एक साल ध्यानात ठेव, १८१८. त्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, मोहोळजवळच्या आष्टीला बापू गोखले पडले आणि पेशवाई बुडाली. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात जेरेमाया चब्बनं एक कुलूप काढलं. पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली होती, म्हणून फक्त स्वतःच्याच किल्लीनं उघडेल असं कुलूप करणाऱ्याला सरकारनंच बक्षीस लावलं होतं. चब्बच्या कुलपाची खुबी ही की कुणी दुसरी किल्ली घालून खटपट केली तर ते आतल्या आत अडकून बसायचं. मालक आपली किल्ली घालायचा, ती फिरायची नाही, आणि त्याला कळायचं, कुणाचा तरी हात लागलाय! आपली आजी पेटीच्या फटीत केस अडकवून ठेवायची, आठवतं? तिला चब्ब ठाऊक नव्हता, पण डोकं तेच. या चब्बच्या कुलपाचा मोठा दरारा होता. मग १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि त्यानं ते २५ मिनिटांत उघडलं. पुढे ब्रामा नावाच्या दुसऱ्या कारागिराच्या कुलपाला हात घातला. ते वर्षानुवर्षं दुकानाच्या खिडकीत २०० गिनींची पैज लावून ठेवलेलं होतं. त्याला मात्र त्याचे १६ दिवस मोडले, हातात हत्यार धरून ५१ तास. चोरांचं नाक कापायला केलेल्या वस्तूनं शेवटी कारागिराचंच नाक कापलं, इंग्लंडात तेव्हा फार बोभाटा झाला म्हणे.

१८१८ हे साल ध्यानात ठेव म्हटलं त्याला आणखी एक कारण. बाजारात ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का आणि असलंच भारदस्त जुनं साल ठोकलेल्या पितळी वस्तू ढिगानं फिरतात. बहुतेक नव्या असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी नाहीतर बुधवारी गेलीस की दिसतील, मुंबईच्या चोरबाजारातही. विंचवाच्या आकाराचं, सिंहाच्या तोंडाचं, गणपतीचंसुद्धा कुलूप मिळेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असाच एक विंचू घेऊन आले, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा म्हणून. घरी येऊन भिंगाखाली धरला तर नांगीच्या बेचक्यात ओतीव कामाची वाळू अजून तशीच! तेव्हापासून एक बघायला शिकले: झीज कुठे झालीय. खरं कुलूप वापरलेलं असतं. कडी कोयंड्याला जिथे घासते तिथे ती बारीक झालेली असते, किल्लीच्या भोकाची एक कड गुळगुळीत असते, उजव्या हातानं वापरणाऱ्यांची एकीकडची. नकली मालाचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो, तेजाबात बुडवून आणलेला. माणसाचा हात इतका सारखा कधी फिरत नाही. आणि विकणारा स्वतःहून राजवाड्याची गोष्ट सांगायला लागला की मी चहाला उठते.

खरी बघायची असतील तर पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. पण दिवे नि अडकित्ते बघून थकलेल्या पायांनी कुलपांपाशी पोचू नकोस, आधी तिकडेच जा. दिनकर केळकर मूळचे कवी, 'अज्ञातवासी' नावानं लिहायचे, धंदा चष्म्यांचा. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं माणसानं वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या आणि १९७५ मध्ये सरकारच्या हवाली केल्या. गावोगाव फिरून, लोकांच्या माजघरात बसून, दौत, पोळपाट, वेणीफणीची पेटी, असलं सगळं. नावाची पाटी एकाची असते, पण बाई, या कामात कमलाबाई त्यांच्या बरोबरीनं होत्या. परक्याच्या माजघरात पुरुषाला कोण शिरू देतं? माझा आपला अंदाज, पण अर्ध्या वस्तू तरी त्या बाईंमुळे चुलीपाशीच्या फडताळातून बाहेर आल्या असतील.

म्हणूनच तुला सांगते, तुझ्या घरातली मोठी खाण तो डबा नव्हे. तुझ्या सासूबाई आहेत. आज संध्याकाळी निवडायला भाजी घेऊन त्यांच्याजवळ बस आणि एकेक किल्ली हातात दे. "हे कशाचं?" एवढंच विचार. नवरा सांगेल, "तिजोरीचं असेल." पुरुषांना सगळी कुलपं तिजोरीची वाटतात. बायकांना विचारलंस तर कळेल, हे साखरेच्या डब्याचं, हे तुपाच्या फडताळाचं, हे लोणच्याच्या कोठीचं. सोनं घरात वर्षातून दोनदा बाहेर निघायचं, साखर रोज. घरातली जास्त झिजलेली कुलपं खाण्याच्या वस्तूंवरची असतात, हे मी माझ्या पस्तीस-चाळीस कुलपांवरून सांगते. चोर बाहेरचा कधीतरी यायचा, ही कुलपं घरातल्यांसाठीच होती.

आणि हेही विचार, किल्ल्यांचा छल्ला कुणाच्या कमरेला होता. आमच्या सासूबाईंच्या कमरेला तो लग्नानंतर सतराव्या वर्षी आला. सतरा वर्षं त्यांनी या घरात स्वयंपाक केला आणि गूळ हवा असला की वाटी घेऊन उभ्या राहायच्या. मला छल्ला दिला तो आल्या आल्या, दुसऱ्या महिन्यात, फारसं न बोलता. तेव्हा मला वाटलं, जबाबदारी ढकलली अंगावर. कुलपांमागे लागले तेव्हा कुठे कळलं, त्या दिवशी त्यांनी मला काय दिलं होतं. तोवर सांगायचं राहून गेलं होतं. तुझ्या सासूबाईंचं नि तुझं फारसं पटत नाही, मला माहीत आहे. पण त्यांना त्यांचा छल्ला केव्हा मिळाला, एवढं विचारून बघच.

आमच्या घरात एक चुलत आजेसासू होत्या, ऐन विशीत वैधव्य आलेल्या. घराच्या एकाही कुलपाची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती, हातभर लांबीची, आणि तिला कुलूप होतं ट्रंकेच्या मानानं भलतंच मोठं, पेचाचं, लोहाराकडून करून घेतलेलं. किल्ली कायम कनवटीला. त्या गेल्यावर ते उघडायचं काम माझ्याकडे आलं, कारण तोवर मी "कुलपंवाली" झाले होते. आत काय होतं ते मला माहीत आहे. तुलाही नाही सांगणार. वहीत त्या कुलपाची लांबी, वजन, पेचाचे आटे, सगळं आहे. तेवढी एक ओळ कोरी आहे.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. शंभर वर्षांवरची वस्तू कायद्यानं पुरावशेष ठरते, १९७२ चा कायदा आहे. घरात ठेवायला कुणी अडवत नाही, पण अमेरिकेतल्या नणंदेला भेट म्हणून पाठवायची हौस आवर; देशाबाहेर न्यायला मनाई आहे, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. कुणी दारावर येऊन "भंगारात द्या" म्हणालं तर डबा दाखवूही नकोस. माझ्या माहेरच्या, म्हणजे आपल्याच घरच्या किल्ल्या किलोवर गेल्या, तुला आठवत नसेल, तू तेव्हा लहान होतीस. आईनं त्या पैशात दोन स्टीलचे डबे घेतले होते. डबे अजून आहेत. जुनी कागदपत्रं असतील, वाटणीपत्र, लग्नाच्या याद्या, तर तीही बघ. मोडी लिपीत असतील तर टाकू नकोस, वाचणारी माणसं सोलापुरातही मिळतात. वाटणीच्या कागदात कधीकधी "पेटी एक, कुलूपासहित" असं लिहिलेलं सापडतं, आणि मला अशी एक ओळ सापडली की दोन दिवस जेवण गोड लागतं. हसू नकोस.

नवरा कटकट करेल. करू दे. इथेही म्हणतात, बाकीच्या बायका साड्या जमवतात, हिनं गंज जमवला. मी उत्तर देत नाही. मागच्या वर्षी आमच्यांच्या स्कूटरच्या डिकीची किल्ली हरवली, तेव्हा दहा मिनिटांत कुणी उघडून दिली, ते त्यांनी अजून मित्रांना सांगितलेलं नाही.

आषाढात येशील ना? माळशिरसहून माउली निघाली की खुडूसला रिंगण, आणि मग मुक्कामाला वेळापूर. त्या दिवशी बार्शीहून लवकर निघ, टेंभुर्णीच्या पुढे गाड्या अडकतात. ओसरीवर वारकरी बायका उतरतील, दरवर्षीच्या परभणीकडच्या सात-आठ जणी. त्यातल्या एका आजींकडे कापडी पिशवीत त्यांच्या घराची किल्ली असते, एवढी लांब, चपटी, भोकं पाडलेली. गेल्या वर्षी त्यांनी ती मला हातात धरू दिली, कागदावर काढू दिली नाही. यंदा पुन्हा विचारणार आहे. तू अकराही आणू नकोस, ते एलवालं तेवढं आण, जुन्या मऊ पातळात गुंडाळून. आमच्या दाराचं कुलूप पालखीच्या रात्री खिळ्याला टांगलेलं असतं, सासूबाईंची पद्धत, ती मी मोडलेली नाही. कितीही उशीर झाला तरी कडी वाजवायची गरज नाही, सरळ आत ये.